फुटण्याआधी तारा काय करत होता?

सुपरनोव्हाच्या, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटाच्या, अवशेषांवर काम सुरू केलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला कॅसिओपिया ए या अवशेषाचं वय काढायला दिलं होतं. स्फोटातून बाहेर पसरणारी धक्का-लहर केंद्रापासून साधारण 8 प्रकाशवर्षांवर, वेग सेकंदाला सुमारे 5,000 किलोमीटर, म्हणजे प्रकाशवेगाचा साठावा हिस्सा. वेग कायम धरला तर 480 वर्षं. पण लहर मंदावत जाते, म्हणून स्फोटाच्या लहरीचं सेडोव्हचं सूत्र लावलं, 0.4 ने गुणलं आणि 192 वर्षं असं उत्तर दिलं. हा अवशेष तर साडेतीनशे वर्षांच्या घरातला! दोन दिवस मी एककं तपासत बसले. मग मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "फुटण्याआधी हा तारा काय करत होता?"

सेडोव्हच्या सूत्रात भोवतालचा वायू सगळीकडे सारखा धरलेला असतो. इथे मात्र ताऱ्याने तांबड्या महाराक्षसी अवस्थेत (आयुष्याच्या अखेरीस प्रचंड फुगलेला असताना) स्वतःचाच वारा, म्हणजे पृष्ठभागावरून निसटणारा वायू, भोवती पसरवून ठेवला होता. सेकंदाला जेमतेम 10-20 किलोमीटर वेगाचा, आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात विरळ होत जाणारा. विरळ होत जाणाऱ्या वायूत लहर कमी मंदावते. 0.4 च्या जागी 2/3 घातलं आणि 320 आलं. ढोबळच, पण त्या दिवशी मला हा विषय खरा कळला.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं: त्रिमितीय सिम्युलेशनच्या मागे लगेच लागू नका. आधी एकमितीय गणितात वारा वाहू द्या, मगच स्फोट करा. तांबड्या अवस्थेनंतर तारा वुल्फ-रायेट (बाहेरचे थर गमावलेला अतितप्त तारा) झाला, तर सेकंदाला 2,000 किलोमीटरच्या आसपासचा नवा वारा जुन्या मंद वाऱ्याला गाठतो आणि त्याचं कवच लोटत नेतो. आत उरते ती तप्त, अतिविरळ पोकळी. स्फोटाची लहर तिच्यातून जवळजवळ न उजळता धावते, कवचावर आदळली की क्ष-किरणांत झळाळते, आणि एक परावर्तित लहर मागे फिरते. घनतेचा आलेख लॉग अक्षावर (दर टप्प्याला दहापट वाढणाऱ्या) काढा, नाहीतर ही पोकळी शून्यासारखी दिसते आणि त्यातली चूक नजरेतून निसटते.

हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर 1987 साली दिसलेल्या सुपरनोव्हा 1987ए ची हबल छायाचित्रं वर्षांच्या क्रमाने लावा. ताऱ्याने स्फोटाच्या सुमारे 20,000 वर्षं आधी सोडलेलं वायूचं कडं आधी मंद आहे. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यावर एक ठिपका पेटतो, मग दुसरा, आणि पुढच्या काही वर्षांत पूर्ण कडं मोत्यांच्या माळेसारखं उजळतं.