हॉर्स चेस्टनटवरची नागअळी : या चुका टाळा

युरोपात घरामागे हॉर्स चेस्टनट असेल, तर जुलै-ऑगस्टमध्येच पानं तपकिरी पडून गळताना पाहून पोटात गोळा येतो. झाड गेलं असं समजून लोक ते तोडायला निघतात. कृपा करून थांबा. बहुतेक वेळा हा कॅमेरारिया ओह्रिडेला या जेमतेम 5 मिलिमीटरच्या पतंगाच्या अळीचा, म्हणजे पान आतून पोखरणाऱ्या नागअळीचा प्रताप असतो. 1980च्या दशकात हा पतंग मॅसिडोनियात ओह्रिड सरोवराजवळ आढळला आणि 2002 मध्ये लंडनला पोहोचला. एकट्या नागअळीने झाड मरत नाही. बिया लहान राहतात, पण पुढच्या वसंतात पालवी फुटतेच.

दुसरी चूक म्हणजे करपा समजून बुरशीनाशक मारणं. आधी पान उजेडासमोर धरा. नागअळीने पोखरलेली जागा अर्धपारदर्शक दिसते, आत अळी किंवा विष्ठेचे काळे कण असतात. करप्याच्या डागाला बहुधा पिवळी कड असते.

नागअळीवर उन्हाळ्यात वरवर कीटकनाशक फवारूनही फारसं साधत नाही. झाड फुलोऱ्यात असताना, एप्रिल-मेमध्ये, मादी पानाच्या वरच्या अंगावर 20 ते 40 अंडी घालते. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून आतला गर खाते आणि तिथेच कोषात जाते. असं वर्षाला साधारण तीनदा घडतं. शेवटच्या पिढीचे कोष गळलेल्या पानांतच हिवाळा काढतात, कडाक्याच्या थंडीलाही पुरून उरतात.

म्हणून खरी लढाई पाचोळ्याशी आहे. तो वसंतापर्यंत झाडाखाली राहू देणं म्हणजे नव्या पिढीला घर देणं. शरद ऋतूत शेवटचं पान पडेपर्यंत गोळा करत राहा. घरच्या खतढिगावर नुसता टाकू नका, तिथे कोष मरण्याइतकी उष्णता क्वचितच होते. वर मातीचा जाड थर द्या, नाहीतर नगरपालिकेच्या खत प्रकल्पाकडे पाठवा. शेजारच्या झाडावरून पतंग येतीलच, तरी सुरुवातीचा प्रादुर्भाव कमी होतो आणि पानं जास्त दिवस हिरवी राहतात. माझ्या मते याहून मोलाचा दुसरा उपाय नाही. मादीच्या गंधाने पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात फक्त नर अडकतात. पतंग कधी उडू लागले हे कळायला ते ठीक, झाड वाचवायला पुरेसे नाहीत.

नवं झाड लावताना पुन्हा पांढऱ्या फुलांचा नेहमीचा हॉर्स चेस्टनट निवडू नका. लाल फुलांच्या संकरित जातीला आणि आपल्या हिमालयातल्या एस्क्युलस इंडिकाला ही अळी फारच कमी लागते.