केनियाच्या किनाऱ्यावर मिशनला जाताय? पहिल्या आठवड्यात या चुका टाळा

चर्चच्या मंडळीतून केनियाला गट निघाला की गाण्यांचा सराव महिनाभर चालतो आणि कागदपत्रं आदल्या रात्री गोळा होतात. पीतज्वराची लस नेमून दिलेल्या केंद्रातच मिळते आणि तिचं कार्ड दहा दिवसांनी लागू होतं. परतताना ते नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसावं लागू शकतं. ‘कुणी बघत नाही हो’ म्हणणारे एक काका प्रत्येक गटात असतात. त्यांचं ऐकू नका.

लाडू-चिवडा कॅरीबॅगमध्ये बांधून नेऊ नका. केनियात २०१७पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि कायद्यात दंड आहे ४० लाख शिलिंगांपर्यंत. कापडी पिशवी घ्या, डबे घ्या.

आता घड्याळ. स्वाहिली बोलताना दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे सकाळचे सात हा पहिला तास. आमच्या गटातल्या एकाने विमानात मोबाइलवर स्वाहिली आकडे पाठ केले आणि पोचल्या पोचल्या ड्रायव्हरला ऐटीत सांगितलं, उद्या ‘सा तातू’. त्याच्या मते दुपारचे तीन. तो भला माणूस सकाळी नऊला गाडी घेऊन दारात, आणि आमची मंडळी अंघोळीच्या रांगेत. तासभर वाट पाहून तो दुसऱ्या भाड्यावर निघून गेला. दुपारी तीनला सगळे तयार होऊन रस्त्यावर उभे, गाडीचा पत्ता नाही, आणि ज्या घरी प्रार्थनेला बोलावलं होतं तिथल्या बायका चहा पुन्हा पुन्हा गरम करतायत. दुपारचे तीन हवे असतील तर ‘सा तिसा’, म्हणजे नऊ म्हणावं लागतं. मी वेळ तोंडी ठरवतच नाही. मनगटावरचं घड्याळ पुढे करतो आणि काटा जिथे हवा तिथे बोट ठेवतो. दोन दिवसांत भाषा शिकून लोकांवर छाप पाडायची घाई कशाला?

पण माझ्या डोक्यात जाणारी खरी चूक वेगळीच आहे: पहिल्याच दिवसांत आश्वासनं देणं.

एका गावातल्या चर्चचे पत्रे गळत होते. आमच्यातला एक उत्साही गडी दुसऱ्याच दिवशी साक्ष द्यायला उभा राहिला आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाला, ‘पुढच्या वर्षी हे छप्पर आम्ही घालून देऊ.’ टाळ्या पडल्या, स्तुतीची गाणी झाली. गडी परत आला, नोकरी बदलली, विषय संपला. तिकडे काय झालं ते पुढच्या खेपेला कळलं. केनियात सगळ्यांनी मिळून वर्गणी काढून काम उभं करायची मोठी रीत आहे. तिला हरांबे म्हणतात, देशाच्या राजचिन्हावरसुद्धा तो शब्द आहे. त्या मंडळीने छपरासाठी हरांबे सुरू केला होता, आणि पाहुणे देणार म्हणून मध्येच थांबवला. अख्खा पावसाळा बाकं एका भिंतीला सरकवून उपासना झाली. पाळकसाहेब शब्दाने बोलले नाहीत. एका म्हाताऱ्या आईने मात्र सगळ्यांसमोर विचारलं, तो छपरावाला मुलगा कुठे आहे? उत्तर द्यायला आमच्यातलं कुणी पुढे सरेना.

म्हणून माझ्याबरोबर येणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात ‘देऊ’ म्हणायची बंदी असते. शाळेची फी, औषध, पत्रे, काहीही असो, तिथल्या वडीलमंडळींना विचारल्याशिवाय नाही. मुलांना फाटकाशी गोळ्या वाटणंही नाही. यावर मला कुणी कठोर म्हटलं तर चालेल. दुसऱ्याच्या गावात दोन दिवसांत दाता व्हायची हौस मला सेवा वाटत नाही.

याच हौसेची दुसरी बाजू म्हणजे ओळख करून देताना ‘आम्ही दूर भारतातून सुवार्ता घेऊन आलो’ असं सांगणं. अहो, जर्मन मिशनरी योहान क्राफ किनाऱ्यावरच्या मोंबासात आले १८४४मध्ये. आणि नाशिकच्या लोकांनी तर हे बोलूच नये. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्ये शिकली. त्यांतले काही आफ्रिकेत फिरणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्याबरोबर होते, १८७३मध्ये ते वारल्यावर त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांतही होते. १८७५च्या सुमारास मोंबासासमोर सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रिअरटाउनची वसाहत उभी राहिली तेव्हा तिथले शिक्षक आणि उपदेशक याच शरणपूरवाल्यांमधून आले. त्यांतल्या विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५मध्ये चर्चच्या धर्मसेवेची दीक्षा मिळाली. फ्रिअरटाउनची घंटा अजून आहे, त्या जागेला केंगेलेनी म्हणतात. पहिल्या दोन दिवसांत समुद्रावर जाण्याआधी तिथे जा, आणि कुणा जाणत्याला बोलतं करा. स्वतः कमी बोला.

पहिल्या रविवारी प्रवचन मागू नका. दुभाष्यामुळे वीस मिनिटांची चाळीस होतात, आणि तिथली उपासना आधीच लांब असते. पाहुण्यांना उभं करतात तेव्हा ‘ब्वाना असीफिवे’, म्हणजे ‘प्रभूची स्तुती असो’, म्हणा, लोक ‘आमेन’ म्हणतील, मग नाव आणि गाव सांगा आणि खाली बसा.

मच्छरदाणी पहिल्या रात्रीपासून लावा. क्राफ यांची पत्नी आणि तान्ही मुलगी मोंबासात आल्या त्याच वर्षी तापाने गेल्या. मलेरियाच्या गोळ्या कोणत्या आणि कधीपासून घ्यायच्या हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा, तिथे पोचून नाही.

आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्याच संध्याकाळी अनोळखी लेकरांना कडेवर घेतलेले फोटो टाकू नका. त्या लेकराच्या आईला विचारलं होतं का? नाही ना? मग काढून टाका.