आधी ओकोंक्वोचं गाव वाचा

"ओकोंक्वो कोणत्या वारी जन्मला?"

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी, आफ्रिकी साहित्याच्या पहिल्याच तासाला आमच्या बाईंनी हा प्रश्न विचारला. ओकोंक्वो म्हणजे नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीचा नायक. बहुतेकांनी गाईड वाचलं होतं, मीही. वसाहतवाद, अस्मिता, प्रतिरोध हे सगळे शब्द तोंडपाठ होते, पण वार कुणालाच सांगता येईना. मग बाईंनी फळ्यावर चार नावं लिहिली: एके, ओये, आफो, न्क्वो. ओकोंक्वो ज्यांच्यातला, त्या नायजेरियातल्या इग्बो लोकांचा आठवडा चार दिवसांचा आणि हे चारही दिवस बाजाराचे. एकेला जन्मला तो ओकेके, ओयेचा ओकोये, आफोचा ओकाफो आणि न्क्वोचा ओकोंक्वो. उत्तर नावातच होतं.

आपल्याकडे बुधवारी झालेल्या पोराला बुधा म्हणतात, तसंच हे. तरी आम्हाला सुचलं नाही, कारण ते माणसाचं नाव आहे हेच आम्ही विसरलो होतो. आमच्या लेखी तो 'शोकात्म नायक' होता.

ज्यांच्या अभ्यासक्रमात यंदा पहिल्यांदा चिनुआ अचेबे आलेत, किंवा ज्यांना पुढे या विषयात प्रबंध करायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. 'थिंग्ज फॉल अपार्ट' १९५८ साली आली. तीन भाग, २५ प्रकरणं. पहिल्या भागातल्या १३ प्रकरणांत गोरा माणूस येतो तो फक्त गप्पांमध्ये, खडूसारख्या पांढऱ्या माणसांची गोष्ट म्हणून. मिशनरी आपल्यासमोर उभे राहतात ते थेट सोळाव्या प्रकरणात, ओकोंक्वोच्या आजोळी म्बान्ता गावात. म्हणजे निम्म्याहून जास्त पुस्तक पेरणी, लग्न, कुस्ती, भावकीची भांडणं आणि कोलाच्या बिया फोडून केलेलं पाहुण्यांचं स्वागत यांचं आहे. परीक्षेच्या घाईत आपण नेमका हाच भाग चाळतो आणि मग शेवटी काय मोडलं ते कळत नाही.

सुरुवात शेतापासून करा. याम म्हणजे रताळं नव्हे. तो आपल्या कोनफळाच्या, करांद्याच्या कुळातला कंद आहे. त्याचे वेल काठ्यांवर चढवावे लागतात आणि बेण्यासाठी कंद राखून ठेवावे लागतात. ते पुरुषाचं पीक. बायकांच्या वाट्याला अळकुड्या, शेंगा आणि कसावा, ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो. ओकोंक्वोच्या बापानं त्याच्यासाठी काहीच ठेवलेलं नाही. म्हणून तो न्वाकिबीये नावाच्या मोठ्या शेतकऱ्याकडे ताडी घेऊन जातो आणि बेणं मागतो. त्याला ८०० कंद मिळतात, पण बटईनं. पिकातला तिसरा हिस्साच त्याचा.

आणि तेच वर्ष वाईट निघतं. आधी पाऊस येत नाही, मग येतो तो थांबत नाही. त्या सुगीत एक शेतकरी अंगावरचं कापड झाडाच्या फांदीला बांधून गळफास घेतो. अचेबे त्याला नावसुद्धा देत नाहीत, एका वाक्यात पुढे जातात.

मी मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातली. त्या वाक्यापाशी मी पुस्तक मिटून ठेवलं. दुसऱ्या दिवशी उघडलं ते अगदी पहिल्या पानापासून, आणि या वेळी गाईड बाजूला ठेवलं होतं. शेवटच्या प्रकरणात ओकोंक्वोही गळफास घेतो. आत्महत्या म्हणजे धरणीचा अपराध, म्हणून त्याचे गाववाले त्याच्या देहाला हात लावू शकत नाहीत. परक्यांनी तो खाली उतरवायचा, परक्यांनी पुरायचा. सुगीच्या त्या वाक्यावर थांबलेल्या वाचकाला हा शेवट वेगळा लागतो.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र या दुसऱ्या वाचनानंतरची. गावाच्या इतक्या प्रेमात पडले की सेमिनारच्या निबंधात लिहून टाकलं: सुखासमाधानानं नांदणारा समाज इंग्रजांनी उद्ध्वस्त केला. बाईंनी समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं, "न्नेकाला विचारलंस?"

न्नेका ही म्बान्तातल्या एका सधन शेतकऱ्याची बायको. चार बाळंतपणं झाली, चारही वेळा जुळं झालं, आणि जुळं अशुभ म्हणून चारही वेळा मुलं रानात टाकली गेली. पाचव्यांदा दिवस गेलेत आणि ती चर्चमध्ये जाते. ओकोंक्वोचा मुलगा न्वोये जातो त्यालाही कारण आहे. रानात टाकलेल्या तान्ह्यांचं रडणं त्यानं ऐकलंय. भावासारखा वाढलेला इकेमेफुना देवाच्या कौलावरून मारला गेला, आणि घाव घालणाऱ्यांत आपला बाप होता, हे तो समजून चुकलाय. इंग्रज नव्हते तेव्हाच या घराला तडे होते. चर्च त्या तड्यांतून आत शिरलं.

ओसूंचं प्रकरण आपल्याकडच्या वाचकानं तर हळूच वाचावं. ओसू म्हणजे देवाला वाहिलेला माणूस, आणि त्याची पोरंबाळंही. त्यानं स्वतंत्र माणसाशी लग्न करायचं नाही, डोक्याला वस्तरा लावायचा नाही. आपल्याकडे देवाला सोडलेल्या जोगतिणीची जट आठवते. नव्या धर्मात यायचं तर ते केस उतरवा, असं प्रचारक कियागा त्यांना सांगतो. हे पान वर्गात मोठ्यानं वाचलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. पण ओसू म्हणजे आपली जातव्यवस्था, असं सरळ समीकरण निबंधात मांडू नका. तिथे धंद्यांची उतरंड नाही, एकच रेघ आहे. साम्य जिथे आहे तिथे नेमकं दाखवा. पूर्व नायजेरियात १९५६ साली कायद्यानं ही प्रथा बंद झाली. पण अचेबेंचीच 'नो लाँगर ॲट ईज' (१९६०) वाचा. न्वोये आता म्हातारा, धर्मप्रचारक आयझॅक झालाय, आणि त्याचाच मुलगा ओबी ओसू मुलीशी लग्न करायचं म्हणतो तेव्हा तो आडवा येतो.

आता इंग्रज. मिशनच्या मागोमाग कोर्ट आलं, कोर्टाचे शिपाई आले. 'कोर्ट मेसेंजर'चं लोकांच्या तोंडी 'कोटमा' झालं, जसं आपल्याकडे 'लॉर्ड'चं 'लाट' झालं. ओकोंक्वोच्या गावाच्या, उमुओफियाच्या सहा प्रमुखांना चर्चेला बोलावून बेड्या घालतात आणि कवड्यांच्या २०० पिशव्या दंड ठोठावतात. कोटमा गावात जाऊन २५० सांगतात, वरच्या ५० त्यांच्या. राज्य कसं चालतं हे एवढ्यात कळतं. त्याच गावात दुसरीकडे व्यापाऱ्याचं दुकान आलं, पामतेलाला कधी नव्हे तो भाव आला, पैसा खुळखुळू लागला. याच कादंबरीत म्हणींना शब्दांबरोबर खायचं पामतेल म्हटलंय. त्या तेलाचा माल कधी झाला, ते शोधत वाचा.

आणि कादंबरीबाहेरचा इतिहासही थोडा वाचाच. इग्बोंना बहुतेक ठिकाणी राजा नव्हता. इंग्रजांना मात्र गावागणिक एक माणूस हवा होता, म्हणून त्यांनी सनद देऊन 'वॉरंट चीफ' नेमले. १९२९ मध्ये ओलोको गावात माणसंजनावरं मोजायला आलेल्याला न्वान्येरुवा नावाच्या बाईनं उलट विचारलं, तुझी आई मोजली होती का? बायकांवर कर बसणार ही भीती पसरली, पामतेलाचे भाव आधीच घसरले होते. हजारो बायका रस्त्यावर आल्या, गोळीबारात ५० हून अधिक गेल्या. अचेबेंच्या कादंबऱ्यांतल्या बायकांबद्दल लिहायचं असेल तर हे माहीत हवं. सोबत फ्लोरा न्वापांची 'एफुरु' (१९६६) आणि बुची एमेचेटांची 'द जॉईज ऑफ मदरहूड' (१९७९) वाचलेली हवी.

प्रबंधाचा विषय निवडताना 'वसाहतोत्तर जाणिवा' असा अख्खा डोंगर घेऊ नका. माझा पहिला आराखडा याच कारणानं परत आला आणि वर्ष वाया गेलं. दुसऱ्यांदा मी फक्त दुभाष्यांवर काम केलं. म्बान्तातला गोऱ्याचा दुभाषा इग्बोच असतो, पण बोली वेगळी. तो 'मी स्वतः' म्हणायला जातो आणि ऐकणाऱ्यांना 'माझं ढुंगण' ऐकू येतं. इग्बो सुरांची भाषा आहे. सूर बदलला की 'आक्वा' या एकाच शब्दाचे रडणं, कापड, अंडं, खाट असे अर्थ होतात. इंटरनेटवर कुणा इग्बो माणसाच्या तोंडून हे एकदा ऐका. पुस्तकातले संवाद कानात वेगळे वाजू लागतात.

एवढं झालं की अचेबेंची 'ॲरो ऑफ गॉड' (१९६४) हातात घ्या. मला ती पहिलीपेक्षा मोठी वाटते. उलू देवाचा पुजारी एझेउलू दर अमावस्येनंतर चंद्र दिसला की एक पवित्र याम खातो. ते संपले की नव्या यामचा सण, मग काढणी. इंग्रज त्याला वॉरंट चीफ करू पाहतात, तो नकार देतो, म्हणून ३२ दिवस अडकवून ठेवतात. त्या काळात चंद्र उगवून जातो, याम मागे उरतात. परत आल्यावर तो सणाचा दिवस जाहीर करायला तयार होत नाही. पीक जमिनीत सडू लागतं. तेव्हा मिशन सांगतं, याम चर्चला वाहा आणि बिनधास्त काढणी करा. एझेउलूनं आपलाच एक मुलगा, ओडुचे, गोऱ्यांचं ज्ञान शिकून यायला चर्चमध्ये धाडलेला असतो. शेवटच्या वाक्यात लोक आपले याम 'पुत्राच्या नावानं' काढतात. तो पुत्र कोणता, हे ठरवायला मला दोन दिवस लागले होते.