भार पडताच बंद पडणारा लिथियम पॅक: कमकुवत सेल कसे शोधले

घरी जोडलेला, एकसरीत जोडलेल्या १३ गटांचा १८६५० (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब दंडगोल) लिथियम सेलचा पॅक पूर्ण चार्ज झाल्यावर ५४.६ व्होल्ट दाखवी, मात्र निम्मा उतरल्यावर मोटरचा भार पडला की बीएमएस (बॅटरीचे संरक्षण करणारे सर्किट) पुरवठा तोडत असे. नवा बीएमएस आणि रात्रभर बॅलन्सिंग (सर्व गटांचे व्होल्टेज सारखे करणे), दोन्ही व्यर्थ गेले. अक्षरशः वैताग आला.

अखेर भार चालू असतानाच बॅलन्स तारांवर (प्रत्येक गटापासून बीएमएसकडे जाणाऱ्या बारीक तारा) प्रत्येक गटाचे व्होल्टेज मोजले, तेव्हा इतर गट ३.४ व्होल्टवर असताना एकच गट २.९ पर्यंत खचला. भार काढताच तो सावरत असल्याने एरवी दोष दिसत नव्हता.

बीएमएसची जोडणी काढून, त्या गटाच्या निकेल पट्ट्या इन्सुलेटेड अवजाराने सोडवल्या आणि प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध (तो जितका जास्त, तितके भाराखाली व्होल्टेज खचते) मोजला: एक ४० मिलिओहम, उरलेले दोन २०० च्या वर. ते बाद करून समान क्षमतेचे व रोधाचे सेल, आधी शेजारच्या गटांइतक्याच व्होल्टेजला आणून, स्पॉट वेल्ड केले.