टक्केवारी लिहिण्याआधी छेद पाहा

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी प्रतापनगरला माझ्या घरी मुलं येतात. यंदा एकीनं पहिल्याच पानावर लिहून आणलं, 'नागपूरपेक्षा अमेरिकेतला मतदार जागरूक आहे.' पुरावा दोन आकड्यांचा: नागपूर लोकसभा २०२४, सुमारे ५४ टक्के, अमेरिका २०२०, सुमारे ६६ टक्के.

मी विचारलं, "बेटा, हे टक्के कशाचे? शंभर म्हणजे कोण?"

"मॅडम, शंभर म्हणजे शंभर मतदार ना?"

इथूनच सुरुवात करा. 'जागरूक' मोजता येत नाही, 'मत दिलं की नाही' हे मोजता येतं. संकल्पनेवरून अशा मोजता येणाऱ्या खुणेवर येणं म्हणजे कार्यात्मक व्याख्या. मग गृहीतकृत्य, म्हणजे तपासून पाहायचं विधान, असं लिहा की ते खोटंही ठरू शकेल. उदाहरणार्थ, 'मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवता येतं त्या राज्यांत मतदान जास्त होतं.' नोंदणीची पद्धत हे स्वतंत्र चल, म्हणजे ज्याचा परिणाम पाहायचा ते; मतदान हे अवलंबी चल, म्हणजे ज्यावर परिणाम होतो ते. इतकं दोन ओळींत मांडता आलं की पुढे जा.

आता छेद, म्हणजे ज्या संख्येनं भागून टक्केवारी काढतो ती खालची संख्या. मुलं सगळ्यात जास्त इथेच चुकतात.

आपल्याकडे टक्केवारी काढताना खाली मतदार यादीतली नावं असतात. माझ्या सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती, तरी १९ एप्रिल २०२४ ला त्यांचं नाव यादीत होतं. म्हणजे त्याही छेदात. अमेरिकेत देशभराची एक मतदार यादी नाही. निवडणुका राज्यं घेतात, अनेक ठिकाणी नोंदणीची जबाबदारी नागरिकावर असते आणि नॉर्थ डकोटात तर नोंदणीच लागत नाही. म्हणून तिथले अभ्यासक अनेकदा मतदानास पात्र नागरिकांच्या संख्येनं भागतात. ६६ हा आकडा तसा आलेला आहे. त्याऐवजी १८ वर्षांवरची सगळी लोकसंख्या घेतली, तर नागरिक नसलेलेही खाली येतात आणि त्याच निवडणुकीची टक्केवारी घसरते. मतं तेवढीच, छेद वेगळा. तिचे दोन आकडे शेजारी ठेवायच्या लायकीचेच नव्हते.

छेदानंतर एकक ठरवा: तुम्ही माणसं मोजताय की राज्यं? डब्ल्यू. एस. रॉबिन्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९५० साली, १९३० च्या अमेरिकन जनगणनेवरून दाखवलं की परदेशात जन्मलेले लोक जास्त असलेल्या राज्यांत निरक्षरता कमी होती. सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती सोबत वाढतात (अधिक) किंवा उलट दिशेनं जातात (उणे) याचं माप, उणे ०.५३. एकेक माणूस धरून पाहिलं तर चिन्हच उलटलं, अधिक ०.१२. स्थलांतरित लोक मुळात साक्षरता जास्त असलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते, म्हणून असं झालं. समजा, धरमपेठेतल्या एका बूथवर मतदान कमी पडलं. त्यावरून तिथल्या बंगल्यातले डॉक्टर मत देत नाहीत असं लिहू नका; त्याच बूथवर नाव असलेल्या, दिवसभर कामावर गेलेल्या बायकांचं मत राहून गेलं असेल. माणसाबद्दल बोलायचं असेल तर माणसाला विचारलेली माहिती हवी.

सहसंबंध सापडला म्हणून कारण सापडलं असं नाही, हे तुम्ही वर्गात ऐकलेलंच आहे.

त्या मुलीनं नागपूरची तुलना काढून टाकली. आता ती मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन, जिथे मतदानाच्या दिवशीही नोंदणी होते, आणि तशी सोय नसलेली राज्यं घेतेय. रविवारी तक्ते घेऊन येणार आहे. प्रत्येक आकड्याशेजारी त्याचा छेद पेन्सिलीनं लिहून आणायला सांगितलाय.