निळा पंप: औषध फुप्फुसात पोहोचलं पाहिजे

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात माझी फार्मसी आहे. चवथीआधी घरं झाडायला काढली की साल्ब्युटामॉल या दम्यावरच्या औषधाचा निळा पंप जास्त खपतो. तो देताना मी प्रत्येकाला ‘कसा ओढता ते दाखवा’ म्हणते. बहुतेकांचं औषध जिभेवर आणि घशातच राहतं.

पंप चांगला हलवा. टोपण काढून आत बघा. पर्समध्ये उघडा फिरलेल्या पंपात कागदाचा कपटासुद्धा अडकतो. नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी हवेत फवारून घ्या. ताठ बसा, श्वास पूर्ण सोडा, पंपाचं टोक तोंडात धरून त्याभोवती ओठ घट्ट मिटा. आता सावकाश आत ओढायला लागा आणि ओढता ओढताच डबी दाबा. दाबणं आधी आणि ओढणं मागून, असं झालं की औषध वाया. 3 ते 5 सेकंद ओढत राहा, मग जमेल तितका, 10 सेकंदांपर्यंत श्वास रोखा. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून.

हा मेळ वयस्कर माणसांना आणि मुलांना जमत नाही. त्यांनी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, घ्यावाच. एका वेळी एकच पफ सोडायचा आणि चार-पाच संथ श्वास घ्यायचे. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्या. फडक्याने पुसलात तर आत औषध चिकटतं.

रोटाहेलरमध्ये कॅप्सूल घालून तिच्यातली औषधाची पूड ओढायची असते. त्याचं तंत्र उलटं आहे, तिथे जोरात आणि खोल ओढायचं. त्याची कॅप्सूल गिळायची नसते. एक काकी पाण्याबरोबर घेत होत्या, म्हणून आता मी पाकिटावरच मोठ्या अक्षरांत लिहून देते.

पफनंतर हात थरथरणं, छाती धडधडणं होऊ शकतं. बहुधा थोड्या वेळात थांबतं. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा, त्यातल्या काही दमा वाढवतात.

मला खरी काळजी वाटते ती दर महिन्याला नवा पंप नेणाऱ्यांची. निळा पंप आवळलेल्या श्वासनळ्या चार-सहा तास सैल करतो, आतली सूज तशीच राहते. ‘जीना’ ही दम्याची जागतिक मार्गदर्शिका 2019 पासून सांगते की मोठ्या माणसांना नुसत्या अशा पंपावर ठेवू नये. सुजेवरचा स्टिरॉइडचा पंप बरं वाटलं म्हणून बंद करू नका, आणि तो घेतल्यावर चूळ भरा.

वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील, किंवा पफ घेऊनही उतार नसेल तर लगेच 108 लावा. गाडी येईपर्यंत रुग्णाला आडवं करू नका. ताठ बसवून स्पेसरमधून अर्ध्या-एक मिनिटाने एकेक पफ द्या, 10 पर्यंत.

पंप उन्हात, स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. डबी पाण्यात तरंगवून औषध किती उरलं ते कळत नाही. आकडा दाखवणारा पंप मागा, नाहीतर वापरलेले पफ लिहून ठेवा. डबीवर 200 पफ लिहिलं असेल तर तेवढे झाल्यावर ती टाकायची, मग फवारा येत असला तरी.