कन्नड कागद वाचून देणारा फोन: निवडावा कसा, बसवावा कसा

बेळगावात नवा फोन घ्यायचा म्हटलं की दहा जण सल्ला देतात आणि दहाही जण मेगापिक्सेल सांगतात. आमच्याकडे फोन लागतो तो वेगळ्याच कामाला. पंचायतीची नोटीस कन्नडमध्ये, जमिनीची पहाणी (आपला सातबाराच) कन्नडमध्ये, दवाखान्याच्या दारावरची सूचना कन्नडमध्ये. आणि आत्ती, मामा, शेजारच्या काकू शिकल्या त्या मराठी शाळेत. बोलण्यापुरतं कन्नड सगळ्यांना येतं, वाचता येत नाही. नात्यातले आणि गल्लीतले मिळून पंचवीसेक फोन मी आजवर बसवून दिले, त्यावरून हे लिहितो आहे. जुन्या फोनमधले नंबर, व्हॉट्सॲप आणि बँकेचं ॲप नव्यावर कसं आणायचं हे तुम्हाला येतं असं धरतो.

फोन निवडणे

दुकानात जाताना घरातला एक कन्नड कागद बरोबर न्या. झेरॉक्सची झेरॉक्स असलेली पहाणी असेल तर फारच उत्तम. दुकानातल्या दिव्याखाली त्याचा फोटो काढा, बोटांनी मोठा करा आणि सर्वांत बारीक अक्षर बघा. अक्षराचा आतला गोल भरून काळा झाला असेल तर तो फोन आपल्या कामाचा नाही, मग खोक्यावर कितीही मेगापिक्सेल छापलेले असोत. कन्नड लिपी गोलांचीच आहे; गोल बुजला की अक्षर गेलं. मागच्या मुख्य कॅमेऱ्याला ऑटोफोकस हवाच. शेजारी 'मॅक्रो' म्हणून २ मेगापिक्सेलची भिंग असते, तिच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

रॅम ६ जीबीच्या खाली नको, साठवण १२८ जीबी. सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते आधी विचारा. पिक्सेल ८ पासून गुगल सात वर्षं देतं, सॅमसंगने गॅलॅक्सी ए१६ ५जी सारख्या फोनलाही सहा वर्षं जाहीर केली आहेत. ज्या कंपनीचा विक्रेता या प्रश्नाला उत्तर देत नाही, तिचा फोन मी घेऊ देत नाही.

खानापूरच्या जंगलात जांबोटी, कणकुंबीकडे घर असेल तर फोनचे बँड, म्हणजे तो कोणकोणत्या लहरी पकडतो, ते बघा. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी झाडीतून आणि डोंगराआडून लांबवर पोचतात, म्हणून ४जी चे बँड ५ आणि ८, आणि ५जी चा एन२८ फोनमध्ये असावेत. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या माहितीत ही यादी असते. वायफाय कॉलिंगही असू द्या.

मराठी बसवणे

जीबोर्डमध्ये, म्हणजे गुगलच्या कळफलकात, मराठी निवडा, हिंदी नको. हिंदीच्या कळफलकावर ळ शोधावा लागतो आणि मग माणसं कंटाळून 'शाला', 'बेलगाव' लिहायला लागतात. 'दुसऱ्या'मधला अर्धा र हवा असेल तर नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. वयस्कर माणसांना हस्तलेखनाचा कळफलक द्या, बोटाने लिहितात. सगळा फोन मराठीत नको असेल तर अँड्रॉइड १३ पासून एकेका ॲपची भाषा वेगळी ठेवता येते. व्हॉट्सॲप मराठीत, बाकी इंग्रजीत, असं पुष्कळांना सोयीचं पडतं.

भाषा उतरवून घेणे

गुगल ट्रान्सलेटमध्ये कन्नड, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा घरच्या वायफायवर डाउनलोड करा. कचेरीच्या आतल्या खोलीत आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात नेट नसतं, आणि नेमकं तिथेच काम अडतं. 'कन्नड टू मराठी' नावाची जाहिरातींनी भरलेली फुकट ॲप्स टाकू नका. आपली पहाणी आणि आधार कुणाच्या हाती जातं ते कळत नाही.

कागद वाचणे

इथे मी स्वतः अडखळलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो. मामांना एक नोटीस आली होती. मी ट्रान्सलेटचा कॅमेरा कागदावर धरला, पडद्यावर मराठी शब्द लुकलुकायला लागले, त्यात १६ तारीख दिसली. मामांना तीच सांगितली. खरी तारीख १३ होती. कन्नड आकड्यांत तीन आणि सहा यांत एका वळणाचा फरक आहे, आणि झेरॉक्समध्ये ते वळण फिकट झालं होतं. मामा तीन दिवस उशिरा पोचले आणि त्यांना पुन्हा अर्ज करावा लागला. तेव्हापासून लुकलुकणाऱ्या भाषांतरावर मी कुणाचंही काम सोपवत नाही. दुकानाची पाटी वाचायला ते ठीक आहे. कागदाला नाही.

कागदाचा स्थिर फोटो काढा. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद. कागद टेबलावर सपाट, घडीवर वजन ठेवलेलं. फोन जवळ आणू नका, त्याची सावली पडते; हातभर वर धरून दुप्पट झूम करा. मोठा कागद असेल तर तीन-चार फोटो काढा, पण प्रत्येक फोटोत आधीच्या दोन ओळी पुन्हा येऊ द्या.

उजवी कड कधीही कापू नका. कन्नडमध्ये नकार आपल्या 'नाही'सारखाच वाक्याच्या शेवटी येतो आणि पुष्कळदा क्रियापदालाच चिकटलेला असतो. 'माडतक्कद्दु' म्हणजे करावे, 'माडतक्कद्दल्ल' म्हणजे करू नये. शेवटचं अक्षर फोटोबाहेर राहिलं की मनाईचं वाक्य आज्ञेचं होतं.

आता तो फोटो गुगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोतला मजकूर ओळखणाऱ्या ॲपमध्ये, उघडा. लगेच 'भाषांतर' दाबायचं नाही. आधी मजकूर निवडा, कॉपी करा आणि ट्रान्सलेटमध्ये चिकटवा. यामुळे फोनने कागदावर काय वाचलं ते कन्नडमध्येच समोर येतं. लिपी येत नसली तरी ओळी मोजता येतात आणि आकार ताडून बघता येतात. कागदावर बारा ओळी आणि पडद्यावर दहा असतील तर शिक्क्याखालच्या दोन गळाल्या. हाताने लिहिलेला शेरा तर फोन बहुतेक वेळा चुकीचाच वाचतो, तो माणसाकडूनच वाचून घ्या.

आकडे मात्र स्वतःच्या डोळ्यांनी तपासायचे. कन्नड आकडे दहाच आहेत, अर्ध्या तासात पाठ होतात. एका कागदावर ओळीने लिहा, शेजारी मराठी आकडे लिहा आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. तारीख, सर्वे नंबर, रक्कम या तिन्ही गोष्टी त्या तक्त्याशी ताडल्याशिवाय कुणाला सांगू नका.

क्षेत्राच्या आकड्यात आणखी एक फसगत आहे. कर्नाटकाच्या पहाणीत क्षेत्र एकर-गुंठ्यांत असतं आणि गुंठे ४० झाले की एक एकर. २.१५ लिहिलं असेल तर ते २ एकर १५ गुंठे. दशांश समजून हिशेब केलात तर २ एकर ६ गुंठे येतात आणि नऊ गुंठे जमीन कागदावरच हरवते. कोल्हापूरकडच्या पाहुण्यांना हेक्टर-आरची सवय, त्यांना हे आवर्जून सांगा.

भाषांतर काय बिघडवतं तेही बघा. पहाणीतल्या 'आकार'चं भाषांतर 'आकृती' आलं, 'खराब'चं 'वाईट' आलं, आणि 'बिन', 'कोम' हे जणू माणसाच्या नावाचेच भाग असल्यासारखे तसेच राहिले. मी पुष्कळ वेळ डोकं धरून बसलो. मग ट्रान्सलेट कन्नड मजकुराखाली इंग्रजी अक्षरांत उच्चार दाखवतं, तो मी आजोबांना मोठ्याने वाचून दाखवला. हिस्सा, आकार, पोटखराब, बिन, कोम. आजोबा म्हणाले, "अरे, हे तर आपलंच की!" आकार म्हणजे शेतसारा, पोटखराब म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. महसुलाचे हे शब्द तेव्हापासून दोन्ही भाषांत एकच राहिले आहेत. फोनला ते ठाऊक नाहीत, जुन्या माणसांना आहेत.

म्हणून माझी पद्धत आता ठरलेली आहे. भाषांतर मराठीत एकदा बघतो आणि इंग्रजीत एकदा. दोन्हींत अर्थ जुळला तर पुढे जातो. जिथे जुळत नाही त्या ओळीचा उच्चार घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला वाचून दाखवतो. तिथेही उलगडलं नाही तर ती ओळ पेन्सिलने खूण करून कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याकडे नेतो. पूर्ण कागद घेऊन गेलं की शेजारी घाईत सारांश सांगतो. एकच ओळ नेली की नीट वाचतो.

बाकीची कामं

व्हॉट्सॲपवर कन्नड सूचनेचं चित्र आलं आणि फोनमध्ये 'सर्कल टू सर्च' (पडद्यावर दिसतंय त्यातच शोधायची गुगलची सोय) असेल, तर खालचं होम बटण किंवा पट्टी दाबून धरा आणि भाषांतराचं चिन्ह दाबा. चित्र साठवायची गरज नाही. समोरच्या माणसाशी बोलायचं असेल तर ट्रान्सलेटमध्ये संभाषणाची सोय आहे. एकेक वाक्य, सावकाश, आणि फोन दोघांच्या मध्ये टेबलावर.

वाचून झालेल्या प्रत्येक कागदाच्या फोटोला मराठीत नाव द्या: 'मामा पहाणी', 'आत्ती घरपट्टी नोटीस'. आणि तारीख तिथल्या तिथे कॅलेंडरमध्ये टाका, दोन दिवस आधीच्या आठवणीसकट.